स्वतःचं पहिलं गाणं नाशिकमधून कसं काढायचं

माझं पहिलं गाणं मी इंदिरानगरच्या घरात रेकॉर्ड केलं, गोधड्यांनी भरलेलं कपाट उघडं टाकून त्याच्यासमोर बसून. शब्द माझे, चाल माझी, गिटारही मीच वाजवली. तेव्हा मी १९ वर्षांची होते. आज त्या रेकॉर्डिंगची मालकी माझ्याकडे नाही. ‘आम्ही रिलीज करतो, व्हिडिओही करून देतो’ असं म्हणणाऱ्या एका कंपनीचं चार पानी इंग्रजी करारपत्र मोबाइलवर आलं आणि मी गंगापूर रोडच्या एका कॅफेत बसून त्यावर बोटानं सही केली. त्यातल्या ‘परपेच्युअल’ या शब्दाचा अर्थ ‘कायमचे’ असा आहे, हे मी आठ महिन्यांनी शोधलं. व्हिडिओ तर झालाच नाही.

पुढची चार गाणी मी स्वतः काढली. आता अधूनमधून कुणीतरी मेसेज करतं, ‘ताई, गाणं तयार आहे, पुढे काय?’ दर वेळी तेच टाइप करून बोटं दुखली, म्हणून हे एकदाच नीट लिहून ठेवतेय. गिटार किंवा कीबोर्ड घेऊन स्वतः लिहिणाऱ्या आणि स्वतः गाणाऱ्यांसाठी हे आहे. रिअ‍ॅलिटी शो किंवा सिनेमातलं गाणं हा रस्ता वेगळा, त्यातलं मला काही कळत नाही.

१. एकच गाणं घ्या, पण पूर्ण करा

वहीत बारा गाणी असतात आणि शेवटपर्यंत गेलेलं एकही नसतं. पूर्ण म्हणजे काय? दोन्ही अंतरे लिहून झालेत, गाणं संपतं कसं ते ठरलंय, पट्टी आणि लय पक्की आहे. अल्बमचा विचार सध्या बाजूला ठेवा.

पट्टीबद्दल जरा थांबून सांगते, कारण ही चूक जवळजवळ सगळे करतात. घरचे उठू नयेत म्हणून आपण रात्री दबक्या आवाजात चाली बांधतो. साहजिकच पट्टी खालची बसते. तेच गाणं माइकसमोर मोकळ्या गळ्यानं म्हटलं की ध्रुवपद उठतच नाही, आणि आपण म्हणतो माइक खराब आहे. एखाद्या दुपारी घर रिकामं असताना कॅपो (गिटारच्या तारा दाबून पट्टी वर नेणारा चिमटा) दोन-तीन फ्रेट वर सरकवा आणि पूर्ण आवाजात गाऊन बघा. माझं तिसरं गाणं असं दोन पट्ट्या वर गेलं.

फोनवरची कच्ची रेकॉर्डिंग्ज तारखेसकट जपून ठेवा, वहीची पानं फाडू नका. उद्या ‘ही चाल माझी’ असा वाद झाला तर दाखवायला तेवढंच असतं.

आणि नाशिककरांसाठी खास सूचना. इथं वाढलेल्या प्रत्येकाला एकदा तरी कुसुमाग्रजांच्या कवितेला चाल लावावीशी वाटते, २७ फेब्रुवारी जवळ आली की जास्तच. घरात खुशाल म्हणा. पण आपल्या कायद्यात कवीच्या निधनानंतर ६० वर्षं कॉपीराइट चालतो. तात्यासाहेब, म्हणजे कुसुमाग्रज, १९९९ साली गेले, म्हणजे २०५९ संपेपर्यंत गाणं बाहेर काढायला हक्कदाराची लेखी परवानगी लागते. ‘श्रेय दिलंय की’ हे उत्तर चालत नाही. तुकोबांचे अभंग मोकळे आहेत, मात्र त्या अभंगाची एखाद्या संगीतकारानं अलीकडे बांधलेली चाल मोकळी असेलच असं नाही.

२. कोणत्या नावानं गाणार ते ठरवा

स्पॉटिफाय, यूट्यूब, जिओसावन या तिन्हींवर ते नाव आधी शोधा. नुसतं पहिलं नाव ठेवाल तर गाणं भलत्याच कुणाच्या पानावर जाऊन बसतं. माझं दुसरं गाणं एका भजन गाणाऱ्या बाईंच्या प्रोफाइलवर गेलं होतं. त्यांच्या श्रोत्यांनी ते तीन आठवडे ऐकलं, आणि खरं सांगायचं तर तेवढे श्रोते मला नंतर कधी मिळाले नाहीत. नावाचं इंग्रजी स्पेलिंगही एकदाच ठरवा, ‘ए’ एक की दोन, आणि सगळीकडे तेच वापरा.

३. माइक लावण्याआधी कागद

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी, आणि मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे तीही हीच.

आपण ज्याला ‘गाणं’ म्हणतो त्यात कायद्याला तीन वेगळ्या गोष्टी दिसतात: शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा आणि ध्वनिमुद्रणाचा निर्मात्याचा. जमीन एकाच्या नावावर आणि त्यावरचं घर दुसऱ्याच्या, असं आपल्याकडे असतं ना, तसंच. निर्माता म्हणजे रेकॉर्डिंगसाठी पुढाकार घेऊन जबाबदारी उचलणारा. आता बघा, तुमच्या मित्राकडे लॅपटॉप आहे, तो अ‍ॅरेंजमेंट, म्हणजे कुठं कोणतं वाद्य वाजेल त्याची रचना, करतो, रेकॉर्डिंग त्याच्याच खोलीत होतं आणि तो म्हणतो, ‘पैसे कसले मागतो, आपण मित्र आहोत.’ निर्माता कोण? गाणं चाललं नाही तर हा प्रश्न कधीच येत नाही. चाललं की येतो, आणि तेव्हा मैत्री पण जाते.

म्हणून एक पान लिहा. मराठीत चालतं, वकिली भाषा नको. त्यात एवढं हवं:

- गाण्याचं नाव आणि तारीख
- शब्दांत कुणाचा किती टक्के वाटा, चालीत किती
- रेकॉर्डिंगचा मालक कोण
- अ‍ॅरेंजरला एकरकमी पैसे की रेकॉर्डिंगच्या उत्पन्नात टक्केवारी
- नावं कुठं आणि कशी छापायची
- प्रोजेक्ट फाइल आणि सगळे सुटे ट्रॅक तुम्हाला मिळणार की नाही
- ट्रॅकमधले लूप (पुन्हा पुन्हा वाजवायचे तयार तुकडे) कुठून घेतले

सगळ्यांच्या सह्या घ्या, फोटो काढा, ईमेलवर टाकून ठेवा. बासरीवाल्या मित्रानं चार ओळी वाजवल्या असतील तर त्याचीही सही घ्या. मागायला फार अवघड वाटतं, मान्य. मी चहा पाजून मागते.

दुसऱ्या कुणाचा करार तुमच्यासमोर आला तर आधी दोनच गोष्टी शोधा: किती काळासाठी आणि कुठल्या प्रदेशासाठी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशीच द्यावे लागतात. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. समोरच्याला हे माहीत असतं, म्हणूनच त्याच्या कागदावर ‘कायमचे’ आणि ‘जगभर’ हे शब्द न विसरता टाकलेले असतात. तिथं ‘तीन वर्षं’ लिहायला सांगा. नाही म्हणाले तर उठून या.

आणखी एक. २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली. तेव्हापासून गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला आपला समान वाटा कंपनीच्या नावे सोडून देता येत नाही, तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच (कलाकारांच्या वतीनं रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला) देता येतो. मला हे कळलं तेव्हा थोडा जीवात जीव आला.

तुम्ही १८ वर्षांच्या आतले असाल तर सही करूच नका, अल्पवयीनाचा करार आपल्याकडे कायद्यानं टिकत नाही. आई-वडिलांना वाचू द्या, सही त्यांची. माझ्या बाबांची अख्खी नोकरी सातपूरच्या कंपनीत परचेस खात्यात गेली. त्यांना तो चार पानी करार दाखवला असता तर त्यांनी दोन मिनिटांत त्यातली मेख काढली असती. मी दाखवला नाही, कारण त्यांना गाण्यातलं काय कळतं!

कॉपीराइटची सरकारी नोंदणी सक्तीची नाही, हक्क गाणं लिहिलं की तयार होतो. नोंदणी करायचीच असेल तर शब्द आणि चालीला प्रत्येकी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणाला २,००० रुपये फी आहे, आणि अर्ज भरल्यावर हरकतींसाठी ३० दिवस थांबावं लागतं. पहिल्या गाण्याला मी ती केली नसती. तेवढ्या पैशात चांगला हेडफोन येतो.

४. घरी रेकॉर्डिंग

लागणारं सामान:

- लॅपटॉप
- ऑडिओ इंटरफेस (माइक आणि गिटार लॅपटॉपला जोडणारी डबी), दोन इनपुटचा पुरतो
- कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा), स्टँड, माइकची एक्सएलआर केबल
- कान पूर्ण झाकणारे हेडफोन
- पॉप फिल्टर (‘प’, ‘फ’ म्हणताना माइकवर आदळणारी हवा अडवणारी जाळी), किंवा भरतकामाच्या रिंगवर ताणलेला जुना नायलॉनचा पायमोजा
- सॉफ्टवेअर: ऑडॅसिटी फुकट आहे, अ‍ॅपलवर गॅरेजबँड फुकट, आणि रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं

कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचा फँटम पॉवर, म्हणजे केबलमधूनच जाणारी वीज, लागतो. इंटरफेसवर त्याचं वेगळं बटण असतं. मी ते न दाबता माइक बिघडलाय म्हणून दुकानात परत घेऊन गेले होते. दुकानदार काही बोलला नाही, फक्त बटण दाबलं.

आपल्या घरांत फरशी आणि उघड्या भिंती, त्यामुळे आवाज घुमतो. खोलीच्या मध्यभागी उभं राहू नका. कपाट उघडा, पाठीमागे दोरीवर दोन गोधड्या टाका, खाली सतरंजी. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. त्यानं बाहेरचा आवाज थांबत नाही, झुरळं मात्र येतात.

वेळ कोणती? सकाळी घंटागाडी. तिचं गाणं माझ्या पहिल्या टेकमध्ये इतकं स्वच्छ आलं होतं की मिक्स करणाऱ्यानं विचारलं, हे ठेवायचं का? मखमलाबाद, आडगावकडे द्राक्षबागा जवळ असतील तर फवारणीचे ट्रॅक्टर. गणपतीच्या आधीचे आठवडे तर विसराच. ढोल पथकांचा सराव सुरू झाला की गोदाकाठापासून किती लांब राहता याला काही अर्थ उरत नाही. माझी वेळ दुपारी दीड ते चार, सगळा मोहल्ला जेवून झोपलेला असतो. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा चालू करायची आठवण म्हणून स्वतःच्या चपला त्याच्यासमोर ठेवा. दीड लिटर दूध नासल्यावर आईनं लावलेला हा नियम आहे.

मेट्रोनोम (लय धरून ठेवणारी टिकटिक) लावूनच वाजवा, नंतर ड्रम्स बसवणाऱ्याचे शिव्याशाप वाचतील. २४ बिटवर रेकॉर्ड करा, आवाजाची पातळी लाल दिव्याच्या बरीच खाली ठेवा. घूं असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बहुतेक वेळा अर्थिंगचा घोळ असतो. पावसाळ्यात माइक सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा. प्रत्येक दिवसाचं काम दोन ठिकाणी कॉपी करा.

सापळा: फुकट मिळालेले लूप. माझ्या दुसऱ्या गाण्यात आम्ही एक छान गिटार लूप टाकला. तोच लूप जगात कितीतरी लोकांनी वापरला होता आणि त्यातल्या एकानं आपल्या गाण्याची यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे दुसऱ्याच्या व्हिडिओतला आपला आवाज आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, नोंद केली होती. माझ्या गाण्यावर दुसऱ्याच दिवशी त्याचा दावा आला. आता साधं असलं तरी स्वतः वाजवलेलंच वापरते.

५. मिक्सिंग आणि मास्टरिंग

मिक्सिंग म्हणजे सगळे ट्रॅक एकमेकांत जुळवणं, मास्टरिंग म्हणजे तयार गाण्यावर शेवटचा हात फिरवणं. स्वतःच्या आवाजाचं मिक्सिंग स्वतः करू नका. आपण आवाज एक तर फार पुढे ठेवतो नाही तर लाजून मागे. यासाठी मुंबईला जायची गरज नसते, फाइली ड्राइव्हवरून जातात. समोर बसूनच करायचं असेल तर सकाळी नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस पकडून रात्री परत येता येतं.

‘अजून लाउड करा’ म्हणून मागे लागू नका. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप) पातळीला आणून वाजवतं, त्यामुळे ठासून मोठं केलेलं गाणं तिथं नुसतं चपटं वाटतं. मंजुरी देण्याआधी ते फोनच्या स्पीकरवर आणि एकदा चालत्या रिक्षात ऐका. शेवटची वेव्ह फाइल (एमपी३ सारखी न दाबलेली, पूर्ण दर्जाची), नुसत्या वाद्यांचा ट्रॅक आणि नुसत्या आवाजाचा ट्रॅक, तिन्ही ताब्यात घेतल्यावरच शेवटचा हप्ता द्या.

६. गाणं सगळीकडे पोचवणं

स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिक, जिओसावन इथं आपल्याला थेट गाणं चढवता येत नाही, मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतो. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी ही त्यातली जुनी नावं. कुणी वर्षाची फी घेतं, कुणी उत्पन्नातून टक्के कापतं. निवडताना एकच प्रश्न विचारा: पुढच्या वर्षी फी भरली नाही तर गाणं खाली उतरणार का?

हाताशी ठेवायच्या गोष्टी:

- पॅन, आधार, बँकेचे तपशील
- वेव्ह फाइल
- कव्हर, ३००० × ३००० पिक्सेल. त्यावर फोन नंबर, इन्स्टाचं नाव, वेबसाइट काही नको, नाही तर परत येतं
- देवनागरीत टाइप केलेले शब्द
- सगळ्यांची पूर्ण नावं आणि तिसऱ्या पायरीतला तो कागद
- अमेरिकी डिस्ट्रिब्युटर असेल तर डब्ल्यू-८बेन हा कर फॉर्म, ऑनलाइनच भरतात

भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ निवडा. आपोआप इंग्रजी आलेली असते आणि घाईत तशीच राहते.

प्रत्येक रेकॉर्डिंगला १२ अक्षरांचा एक आयएसआरसी क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून ठेवा. पुढे डिस्ट्रिब्युटर बदललात तर तोच क्रमांक पुन्हा द्यायचा, म्हणजे जुने आकडे गाण्यासोबत राहतात.

रिलीजची तारीख निदान चार आठवडे पुढची टाका. मध्ये ‘स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स’चं खातं ताब्यात घ्या आणि प्लेलिस्टसाठी गाणं पाठवा. तारखेच्या किमान सात दिवस आधी पाठवलं तर प्लेलिस्टमध्ये निवड झाली नाही तरी ते तुमच्या फॉलोअर्सच्या रिलीज रडारमध्ये, म्हणजे नव्या गाण्यांच्या आपोआप बनणाऱ्या यादीत, जातं. ‘उद्या वाढदिवस आहे, उद्याच टाकू’ या हौसेत मी हे एकदा घालवलंय.

पैसे घेऊन लाखभर प्ले देणाऱ्यांचे मेसेज गाणं आल्याच्या तासाभरात येतील. उत्तर देऊ नका. ते प्ले बनावट असतात, पकडले गेले की गाणं काढून टाकतात आणि खरे पैसेही अडकतात.

७. पैसे, म्हणजे तूर्तास हिशेब

स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तरच प्ले मोजला जातो, आणि १२ महिन्यांत १,००० प्ले झाल्याशिवाय त्या रेकॉर्डिंगचे पैसे सुरू होत नाहीत. यूट्यूबवर जाहिरातींतला वाटा हवा तर १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तास पाहणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. मी अजून गिटार शिकवूनच घरात पैसे देते.

तरी नोंदणी करून ठेवा. गाणं आल्यावर गीतकार-संगीतकार म्हणून आयपीआरएसचं, म्हणजे त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हा. ही संस्था १९६९ पासून आहे. गायक म्हणून वेगळी संस्था आहे, इसामरा. सभासद झालात म्हणजे संपलं असं नाही, प्रत्येक गाणं स्वतंत्र नोंदवावं लागतं, आणि टक्केवारी तुमच्या सही केलेल्या कागदाशी तंतोतंत जुळली पाहिजे. फॉर्मवर नाव आधारवर आहे तसंच. रंगमंचावरचं नाव तिथं दुसऱ्या रकान्यात येतं.

८. पहिले कार्यक्रम

कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या कॅफेंमध्ये ओपन माइक, म्हणजे नाव देऊन कुणीही गाऊ शकेल असे कार्यक्रम, होतात. आधी दोन वेळा नुसते ऐकायला जा. कोण शांतपणे ऐकतं, कुठं मिक्सर गाणं गिळतो, ते कळतं. पहिल्याच वर्षी कालिदास कलामंदिरासारखं मोठं नाट्यगृह बुक करायची स्वप्नं बघू नका, तीस माणसं गप्प बसून ऐकतील अशी खोली शोधा. सुलाफेस्ट या नाशिकच्या संगीत महोत्सवाला गर्दीत उभं राहून ‘पुढच्या वर्षी आपण’ असं आम्हीही म्हटलं होतं. अजून गर्दीतच आहोत.

पिशवीत काय हवं: स्वतःची पी-३८ जॅकची (गिटारला लागते ती) केबल, तारांचा जादा सेट, कॅपो, ट्यूनर आणि ९ व्होल्टची नवी बॅटरी. बॅटरीवर चालणारा पिकअप (गिटारचा आवाज स्पीकरकडे पाठवणारा भाग) असलेल्या गिटारला केबल लावून ठेवली की वाजवत नसतानाही बॅटरी उतरत राहते. साउंड चेकनंतर केबल काढा. माझ्या गिटारचा आवाज पहिल्या कार्यक्रमात दुसऱ्या गाण्याला गेला तो यानंच, आणि मी दोन अंतरे टाळ्यांच्या ठेक्यावर म्हटले.

हॉटेलचं किंवा कंपनीचं बोलावणं असेल तर रक्कम, गाण्यांची संख्या, जेवण आणि येण्याजाण्याचा खर्च व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. निम्मे आधी. ‘एक्स्पोजर मिळेल’ हे आधीच्या निम्म्यात धरत नाहीत. पैसे देताना टीडीएस कापला तर तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का ते आयकराच्या पोर्टलवर बघा, रिटर्न भरल्यावर परत मिळू शकतो.

यादीत शेवटचा नंबर मात्र मागू नका, ‘मोठे कलाकार शेवटी येतात’ हे कितीही खरं असलं तरी. उघड्यावरच्या कार्यक्रमात रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करावा लागतो, सुरुवात कायम तासभर उशिरा होते आणि वेळ कापली जाते ती शेवटच्याची. सातचा कार्यक्रम असेल तर तिसरा-चौथा नंबर मागा. तोवर लोक समोसे संपवून खुर्च्यांवर बसलेले असतात.